इंटिजर ॲरेचे सराव-प्रश्न: पाठांतर मोडून काढणारे कोणते?

खडूफळा | सोम, रात्री ९:१२

मी पॉलिटेक्निकला पहिल्या वर्षाला सी शिकवते. ॲरेचा, म्हणजे क्रमाने लावलेल्या घरांत संख्या ठेवण्याचा, धडा आला की दरवर्षी तीच यादी: सर्वात मोठी संख्या काढा, बेरीज-सरासरी काढा, ॲरे उलटा करा, लिनिअर सर्च, बबल सॉर्ट. जर्नलमध्ये एका पानावर प्रोग्रॅम, समोरच्या पानावर आउटपुट, खाली सही, की झालं. मुलं हे पाच-सहा प्रोग्रॅम घोकतात आणि प्रॅक्टिकलला जी चिठ्ठी येईल तो प्रोग्रॅम बिनचूक उतरवून काढतात. मग तोंडीला मी विचारते, "सगळ्या संख्या ऋण असल्या तर तुझा प्रोग्रॅम काय छापेल?" की वर्गातलं हुशार पोरगंही खाली बघायला लागतं.

माझं ठाम मत झालंय की हे प्रश्न आपण उलट्या टोकाने विचारायला हवेत. "प्रोग्रॅम लिहा" असं न म्हणता लिहिलेला प्रोग्रॅम हातात द्यायचा आणि सांगायचं, "कुठल्या इनपुटला हा चुकेल ते शोधून दाखव." हे घोकता येत नाही. पहिला माझ्याकडून घ्या. कोड मराठीत लिहिते, म्हणजे सी, जावा, पायथन, कुठल्याही मंडळींना वाचता येईल. अ हा ॲरे, एन म्हणजे त्यात संख्या किती, आणि अ[०] ही त्यातली पहिली संख्या.

मोठा = ०
आय = ० ते एन-१:
  जर अ[आय] > मोठा, तर मोठा = अ[आय]
मोठा छापा

समजा ॲरेत लेहची जानेवारीतली रात्रीची तापमानं आहेत: -१२, -७, -१५. प्रोग्रॅम ० छापतो, जी संख्या ॲरेत कुठेच नाही! इलाज सोपा, सुरुवात मोठा = अ[०] ने करायची. पण ते जमलं की लगेच पुढचा प्रश्न: एन शून्य असेल तर अ[०] आणायचा कुठून?

तुमच्याकडे असे आणखी कुठले प्रश्न आहेत? अट एकच, लूप आणि इफ एवढ्यावर भागलं पाहिजे. पॉइंटर, स्ट्रक्चर काही नको.

कोकणी_कंपायलर | सोम, रात्री ९:३८

+१. मॅडम, ॲरे उलटा करण्याचा प्रश्न याच पद्धतीने द्या.

आय = ० ते एन-१:
  अ[आय] आणि अ[एन-१-आय] यांची अदलाबदल

मुलांना सांगायचं की १, २, ३, ४ घेऊन कागदावर चालवा. पहिल्या फेरीनंतर ४ २ ३ १. दुसरीनंतर ४ ३ २ १. इथे काम झालंय, पण लूप थांबत नाही. तिसरीनंतर ४ २ ३ १ आणि चौथीनंतर १ २ ३ ४. म्हणजे आउटपुट जसंच्या तसं इनपुट! मशीनवर बघणाऱ्याला वाटतं अदलाबदलच होत नाहीये, आणि तो टेम्प व्हेरिएबलमध्ये चूक शोधत बसतो. लूप एन/२ ला थांबवायचा, हे कागदावर ज्याने पाहिलं त्याला परत सांगावं लागत नाही. मग एन विषम असला तर मधल्याचं काय होतं, हे त्याचं तोच शोधतो.

मितवा७ | सोम, रात्री १०:०५

विरोधी मत मांडतो, राग नसावा. आजच्या काळात नवशिक्याला सर्वात मोठी संख्या लूप लावून काढायला का लावायचं? पायथनमध्ये मॅक्स, सम, सॉर्टेड सगळं तयार आहे. रिकाम्या लिस्टवर मॅक्स चालवलं तर ते स्वतःच एरर देतं. मुलांचा पहिला महिना असल्या हमालीत गेला की त्यांचा जीव प्रोग्रॅमिंगमधून उडतो. त्यापेक्षा खरा डेटा द्या, वर्गाचे मार्क, पावसाचे आकडे, आणि त्यातून काहीतरी निघतं हे दिसू द्या. इंडेक्सशी, म्हणजे घरांच्या क्रमांकांशी, झटापट नंतर करता येते.

नीरजा_म | सोम, रात्री १०:५१

मितवा, खऱ्या डेटाबद्दल पूर्ण सहमत. म्हणूनच मार्कांचंच उदाहरण देते, तेही पायथनमधलं.

एका कॉलेजच्या निकालावर काम करत होते. काम साधं: ० ते १०० पैकी प्रत्येक मार्क किती मुलांना पडले ते मोजायचं. मोजणी नावाची लिस्ट घ्यायची, सगळीकडे शून्य, आणि प्रत्येक मुलासाठी मोजणी[मार्क] एकाने वाढवायचं. यातला पहिला सापळा सगळ्यांना माहीत असतो: घरं १०० नव्हे, १०१ लागतात. दुसरा सापळा खोल आहे. ऑफिसने दिलेल्या फाइलमध्ये गैरहजर मुलांचे मार्क -१ असे भरलेले होते. पायथनमध्ये इंडेक्स -१ म्हणजे शेवटचं घर. त्यामुळे प्रोग्रॅम कुठेही न अडखळता चालला आणि गैरहजर मुलं शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्यांत मोजली गेली.

एरर आली असती तर बरं झालं असतं. इथे तक्ता छान दिसत होता, एकूण संख्याही जुळत होती. जावामध्ये हाच इंडेक्स दिला तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे एक्सेप्शन देऊन थांबतो. सी मध्ये ॲरेच्या आधीच्या जागेत लिहिलं जातं आणि तिथे जे काही असेल ते बिघडतं. एकच चूक, तीन भाषांत तीन परिणाम. तेव्हा इंडेक्सशी झटापट टाळता येत नाही, फक्त ती कधी आणि कुणाच्या निकालावर होणार एवढंच ठरतं.

प्राजक्त | सोम, रात्री ११:०२

गैरहजर राहून शंभर! हे कॉलेज कुठे आहे ताई, भाच्याची ॲडमिशन तिथेच घेतो.

सह्याद्रीवारा | मंगळ, सकाळी ७:४०

नीरजाताईंचा किस्सा टीमच्या ग्रुपवर टाकलाय.

सी वाल्यांसाठी एक. मेनमध्ये ॲरेची लांबी काढायला साइझऑफ(अ) भागिले साइझऑफ(अ[०]) हे सगळे वापरतात (साइझऑफ म्हणजे किती बाइट जागा लागते ते) आणि ते बरोबर चालतं. मग कुणीतरी तीच ओळ उचलून फंक्शनमध्ये नेतं, जिथे ॲरे पॅरामीटर म्हणून आलाय. हल्लीच्या ६४ बिट मशीनवर उत्तर बहुतेक वेळा २ येतं, ॲरे दहाचा असो वा हजाराचा. कारण फंक्शनला ॲरे मिळतच नाही, त्याचा पत्ता मिळतो. पत्ता ८ बाइटचा, इंटिजर ४ बाइटचा, म्हणून २. दहा संख्यांची बेरीज मागितली की पहिल्या दोघांचीच मिळते. मॅडमना पॉइंटर नको आहेत हे खरं, पण "लांबी वेगळी पाठवायची" एवढी सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

वाचक_परभणी | मंगळ, दुपारी १:१६

नमस्कार, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या सेमला आहे. धागा पूर्ण वाचला. माझाही एक प्रोग्रॅम अडलाय, दुसरी मोठी संख्या काढायचा.

मोठा = अ[०]
दुसरा = अ[०]
आय = १ ते एन-१:
  जर अ[आय] > मोठा:
    दुसरा = मोठा
    मोठा = अ[आय]

५, ७, ९ दिलं की दुसरा ७ येतो, बरोबर. ९, ५, ७ दिलं की दुसरा ९ येतो. संख्या त्याच आहेत, क्रम फक्त बदलला. कुणी सांगेल का?

कोकणी_कंपायलर | मंगळ, दुपारी १:४४

सांगतो, पण उत्तर थेट देणार नाही. वहीत चार रकाने आख: आय, अ[आय], मोठा, दुसरा. आता ९, ५, ७ साठी भर.

सुरुवात: मोठा ९, दुसरा ९.
आय = १: अ[आय] = ५. ५ > ९ खोटं. काहीच बदललं नाही.
आय = २: अ[आय] = ७. ७ > ९ खोटं. काहीच बदललं नाही.

आता दोन गोष्टी बघ. एक, ७ समोर आला तेव्हा त्याला विचारणारी ओळच नाही. "मोठ्यापेक्षा लहान आहेस, पण दुसऱ्यापेक्षा मोठा आहेस का?" असं कुणी विचारलं नाही. दोन, ती ओळ घातलीस तरी दुसरा आधीपासून ९ धरून बसलाय, त्याला ७ कसा हरवणार? दुसरा सुरुवातीला काय असायला हवा, यावर विचार कर. शून्य लिहू नकोस, मॅडमचं लेह आठव.

आजोबा_फोर्ट्रान | मंगळ, दुपारी ३:२०

वाचक, तुझा प्रश्न उत्तम आहे. इनपुट तेच ठेवून क्रम बदलून पाहिलास, हेच खरं टेस्टिंग.

थोडं अवांतर. आम्ही फोर्ट्रानवर शिकलो, तिथे ॲरे मुळातच १ पासून सुरू होतो. पुढे सी आलं आणि शून्य आलं. शून्यापासून का, याचं सर्वात नेटकं उत्तर संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली एका छोट्या हस्तलिखित टिपणात दिलं आहे. सुरुवात धरायची आणि शेवट वगळायचा, म्हणजे ० ≤ आय < एन, असं लिहिलं की घरांची संख्या म्हणजे थेट वरची हद्द वजा खालची हद्द. कुठे एक मिळवा, कुठे एक वजा करा, ही कटकट उरत नाही. आणि एक तुकडा जिथे संपतो तिथूनच दुसरा सुरू होतो.

मुलांच्या वह्यांत मला सर्वात जास्त दिसणारी चूक "आय <= एन" ही आहे. ती करणाऱ्याला नियम पाठ असतो, पण एन घरांपैकी शेवटच्या घराचा क्रमांक एन-१ हे त्याने बोटांनी मोजलेलं नसतं. पाच चौकोन काढायला लावा, खाली ०, १, २, ३, ४ लिहायला लावा, आणि "पाच नंबरचा चौकोन दाखव" म्हणा.

खडूफळा | मंगळ, संध्या. ६:०५

काका, चौकोनांचं उद्याच करते.

दुसऱ्या मोठ्या संख्येत मी आणखी एक मेख मारते: ९, ९, ५. इथे दुसरा कोण, ९ की ५? मी मुद्दाम सांगत नाही. जो उभा राहून "मॅडम, सारख्या संख्या असतील तर काय करायचं?" असं विचारतो त्याला पूर्ण मार्क.

मितवा७ | मंगळ, संध्या. ६:३१

मॅडम, हे मात्र मला पटत नाही. प्रश्न संदिग्ध ठेवायचा आणि मुलाने तो ओळखावा म्हणायचं, हा नवशिक्यावर अन्याय आहे. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा लूप लिहिलाय त्याला वाटतं चूक आपलीच. पेपरात तर असं अजिबात नको, तपासणारा कुठलं उत्तर धरेल याचा नेम नाही.

नीरजा_म | मंगळ, संध्या. ७:१५

पेपरात नको, हे मान्य. पण लॅबमध्ये नक्की हवं. बक्षीस समारंभाला दोघं पहिल्या नंबरात बरोबरीला आली तर दुसऱ्या नंबराचं बक्षीस कुणाला द्यायचं, हे प्रोग्रॅमर ठरवत नाही, संस्था ठरवते. प्रोग्रॅमरचं काम आहे ते विचारणं. ही सवय लॅबमध्ये लागली नाही तर नोकरीत लागायला फार महाग पडते.

मितवा७ | मंगळ, संध्या. ७:२२

लॅबपुरतं मान्य. आधी एकदा तरी सांगावं की "विचारायची मुभा आहे". आमच्या वेळी विचारणं म्हणजे उद्धटपणा समजला जायचा.

वाचक_परभणी | मंगळ, रात्री ८:५०

दादा, जमलं! रकाने आखून केलं.

मोठा = अ[०]
सापडला = ०
आय = १ ते एन-१:
  जर अ[आय] > मोठा:
    दुसरा = मोठा, मोठा = अ[आय], सापडला = १
  नाहीतर जर अ[आय] < मोठा आणि (सापडला == ० किंवा अ[आय] > दुसरा):
    दुसरा = अ[आय], सापडला = १

९, ५, ७ ला ७ आलं. ९, ९, ५ ला ५ आलं. ७, ७ दिलं तर सापडला शून्यच राहतो, तेव्हा "दुसरी संख्या नाही" असं छापलं. -१२, -७, -१५ ला -१२ आलं.

कोकणी_कंपायलर | मंगळ, रात्री ९:०१

शाब्बास रे! सापडला हा झेंडा तुझा तू लावलास, हे फार आवडलं.

जुनाखेळाडू | बुध, सकाळी ८:१०

निळ्या स्क्रीनच्या टर्बो सी वर (सी चा जुना कंपायलर) वाढलेल्यांसाठी एक प्रश्न. अजून बऱ्याच लॅबमध्ये डॉसबॉक्समध्ये तेच चालतं, म्हणून उपयोगी आहे.

१ ते एन पैकी एक संख्या हरवली आहे, ती शोधा. नेहमीचं उत्तर: एन × (एन+१) ÷ २ मधून ॲरेची बेरीज वजा करा. सुंदर उत्तर आहे, गणिताच्या तासाची आठवण होते. आता मुलांना फक्त १ ते २५६ ची बेरीज छापायला सांगा. टर्बो सी मध्ये इंटिजर १६ बिटचा, कमाल ३२७६७. १ ते २५५ ची बेरीज ३२६४०, ती मावते. २५६ मिळवले की ३२८९६ व्हायला हवेत, आणि स्क्रीनवर येतात -३२६४०. धन संख्यांची बेरीज ऋण! हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय इंटिजरला टोक असतं हे पोरांना खरं वाटत नाही.

नव्या कंपायलरवर ३२ बिट मिळतात, म्हणजे कमाल २,१४,७४,८३,६४७. म्हणून प्रश्न मिटला असं नाही, फक्त लांबला. एन ६५,५३६ झाला की बेरीज हद्दीबाहेर जाते. सूत्र वापरलं तर त्याहून लवकर, कारण आधी गुणाकार होतो आणि भागाकार नंतर. एन ४६,३४१ असतानाच एन × (एन+१) हद्द ओलांडतो. आणि सी च्या नियमांप्रमाणे तिथून पुढे काय व्हावं याची हमी कुणीच देत नाही.

यावर उपाय एक्सऑरचा, म्हणजे दोन संख्यांचे बिट एकेक करून ताडायचे: वेगळे तर १, सारखे तर ०. १ ते एन सगळ्या संख्या आणि ॲरेतल्या सगळ्या संख्या एकत्र एक्सऑर करत जायच्या. जी संख्या दोनदा येते ती स्वतःला खोडून टाकते, हरवलेली तेवढी एकटी उरते. बेरीजच नाही, त्यामुळे ओव्हरफ्लोही नाही.

प्राजक्त | बुध, सकाळी ८:२५

४६,३४१ आत्ताच कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. २,१४,७५,३४,६२२. खरंच बाहेर गेलं की!

स्टुटगार्टकर | बुध, दुपारी १२:४०

जुनाखेळाडू यांना पूरक माहिती. हे फक्त विद्यार्थ्यांचं होतं असं कुणी समजू नये. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेला ॲरे अर्धा-अर्धा करत शोधणं) ही चूक सुमारे नऊ वर्षं बसून होती. मधलं घर काढायला (खालचा + वरचा) ÷ २ असं लिहिलेलं होतं. ॲरे फार मोठा, शंभर कोटींहून जास्त घरांचा झाला की ती बेरीज ऋण होते आणि मधलं घरच ऋण निघतं. ती लायब्ररी ज्यांनी लिहिली त्या जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली हे स्वतः जाहीर लिहून सांगितलं. उपाय एका ओळीचा: खालचा + (वरचा - खालचा) ÷ २.

मी नव्या मुलांना हे आवर्जून सांगतो. कारण या ओळीत बघणाऱ्याला काहीच चुकीचं दिसत नाही.

आरती_नगर | बुध, दुपारी २:०३

मी बारावीच्या मुलीची आई. इथलं सगळं कळलं नाही, पण एक विचारते. मुलगी असले प्रश्न बघून आधीच घाबरते. तिला सांगितलं की प्रत्येक प्रोग्रॅम कुठे ना कुठे चुकतोच, तर ती लिहायलाच बसणार नाही. नवशिक्यांसाठी हे जास्त होत नाही का?

खडूफळा | बुध, दुपारी ४:३०

आरतीताई, तुमची काळजी रास्त आहे. म्हणूनच मी मुलांचा स्वतःचा प्रोग्रॅम मोडायला कधीच देत नाही, माझा देते. फळ्यावर मी लिहिते आणि वर्गाने तो पाडायचा. मागच्या बाकावरची, एरवी हात वर न करणारी मुलगी "मॅडम, एकच संख्या दिली तर?" असं विचारते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती नसते. दुसऱ्याचा प्रोग्रॅम पाडता आला की स्वतःचा तपासायला धीर येतो.

तिला मशीनपासून सुरुवात करायला लावू नका. पाच आकडे, पेन्सिल आणि कोकणी_कंपायलर यांनी वर आखून दिलेले रकाने, एवढं पुरे. अडलं तर इथेच टाका, मी बघेन.

मितवा७ | बुध, संध्या. ५:१०

माझ्याकडून पायथनचा एक, कारण माझं मत अजून तेच आहे, सुरुवात पायथनने करावी. लिस्ट २, २, ३. त्यातले सगळे २ काढायचे. मुलं फॉर लूपमध्ये लिहितात: २ दिसला की रिमूव्ह. उरतं काय? २, ३. पहिला २ काढल्यावर दुसरा २ सरकून शून्याव्या घरात येतो आणि लूप तोवर पुढच्या घरात गेलेला असतो. चालत्या लूपखालून ॲरे ओढू नये, हे यातून छान कळतं.

सह्याद्रीवारा | बुध, संध्या. ५:४८

हाच प्रश्न सी मध्ये: सगळे शून्य ॲरेच्या शेवटी न्या, बाकीच्यांचा क्रम न बदलता. पंगतीत मधली माणसं उठली की उरलेल्यांना "पुढे सरका" म्हणतात, तसंच. दोन इंडेक्स ठेवायचे, एक वाचणारा आणि एक लिहिणारा. वाचणारा प्रत्येक घरात जातो, लिहिणारा फक्त शून्य नसलेली संख्या मिळाली की लिहितो आणि एक पाऊल पुढे जातो. शेवटी लिहिणाऱ्यापासून पुढची घरं शून्याने भरायची. ४, ०, ७, ०, ० आणि ०, ०, ० ही दोन्ही इनपुटं कागदावर करून बघा. मितवांचा २ काढण्याचा प्रश्नही याच दोन इंडेक्सांनी सुटतो.

लातूरची_लेक | बुध, रात्री ९:३०

इतका छान धागा चाललाय आणि आपल्या देवळालीच्या कापरेकर गुरुजींचं नाव अजून कुणी घेतलं नाही! ॲरेच्या सरावाला त्यांच्यासारखा खजिना नाही.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक होते. ६१७४ चा शोध त्यांचा. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा आणि हेच पुन्हा करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच. ३५२४ घेऊन बघा:

५४३२ - २३४५ = ३०८७
८७३० - ०३७८ = ८३५२
८५३२ - २३५८ = ६१७४

१९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात लिहिल्यावर गुरुजींचं काम जगभर पोहोचलं.

यात ॲरेचं सगळं येतं: संख्येचे अंक चार घरांत भरणं, ते सॉर्ट करणं, घरांतून परत संख्या बनवणं. मग १००० ते ९९९९ सगळ्या संख्या चालवायच्या आणि कितीजणींना किती पायऱ्या लागल्या याची मोजणी दुसऱ्या ॲरेत. त्याला घरं किती? पायऱ्या ० ते ७, म्हणजे आठ.

वाचक_परभणी | बुध, रात्री ११:४४

ताई, लगेच करून बघितलं. ३५२४ ला बरोबर आलं. पण २१११ दिलं की ० येतो आणि तिथेच अडकतो. चारही अंक सारखे तर नाहीत.

लातूरची_लेक | गुरु, सकाळी ६:५५

अरे वा, नेमका दुखरा नंबर निवडलास! २१११ - १११२ = ९९९. तुझा लूप "संख्या शून्य होईपर्यंत अंक काढ" असा असणार. ९९९ मधून तीनच अंक निघाले, आणि ९९९ - ९९९ = ०. गुरुजींच्या रीतीत ती संख्या ०९९९ आहे. चौथं घर रिकामं नाही, त्यात शून्य आहे. लूप नेहमी चार वेळा चालव:

के = ० ते ३:
  द[के] = संख्या % १० (१० ने भागून उरलेली बाकी)
  संख्या = संख्या ÷ १० (पूर्णांक भागाकार)

मग बघ: ९९९० - ०९९९ = ८९९१, ९९८१ - १८९९ = ८०८२, ८८२० - ०२८८ = ८५३२, आणि पुढे ६१७४.

आजोबा_फोर्ट्रान | गुरु, सकाळी ७:३०

लेकी, फार आनंद झाला. मग गुरुजींच्या देवळाली संख्याही घ्याच. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते: २३ + २ + ३ = २८, म्हणजे २८ चा जनक २३. ज्या संख्येला असा जनकच नाही ती देवळाली संख्या, जिला गुरुजी स्वयंभू म्हणत. १०० च्या आत तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७.

ॲरेने हे फार सुरेख होतं. खूण नावाचा ॲरे घ्या, सगळी शून्यं. १ ते १०० प्रत्येक संख्येचं अपत्य काढा आणि त्या घरात १ लिहा. शेवटी जी घरं शून्य राहिली त्यांचे क्रमांक छापा. सॉर्टिंग नाही, शोधाशोध नाही. इथे इंडेक्स हीच संख्या आहे, आणि ही कल्पना मुलाला एकदा उमगली की तो पुढे खूप काही करू शकतो.

खडूफळा | गुरु, दुपारी १२:१५

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. पुढच्या प्रॅक्टिकलला उलटा ॲरे, गैरहजर मुलांचा -१, दुसरी मोठी संख्या (विचारायची मुभा आहे हे आधी सांगून, मितवा) आणि २१११ घेते. देवळाली संख्या त्याच्या पुढच्या आठवड्यात. जर्नलमध्ये आउटपुटच्या शेजारी "हा कुठल्या इनपुटला चुकला असता" असा एक रकाना वाढवतेय, सही त्याच्यावर.

वाचक_परभणी | गुरु, दुपारी ३:०२

आजोबा, देवळाली संख्या १०० पर्यंत बरोबर आल्या, तेराच्या तेरा. खूण ॲरे १०१ घरांचा घेतला होता. पण मित्राच्या मशीनवर तोच प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो. आणि मला १००० पर्यंत करायचं असेल तर किती घरं घेऊ?

आजोबा_फोर्ट्रान | गुरु, दुपारी ३:४०

९९ चं अपत्य काढ. ९९ + ९ + ९ = ११७. तू १०१ घरांच्या ॲरेत ११७ व्या घरात लिहितो आहेस. तुझ्या मशीनवर ते निभावलं, मित्राच्या मशीनवर नाही. १००० पर्यंत सर्वात मोठं अपत्य ९९९ चं, म्हणजे ९९९ + २७ = १०२६. तेव्हा एकतर १०२७ घरं घे, नाहीतर लिहिण्याआधी "अपत्य <= १०००" असा इफ लाव.

वाचक_परभणी | गुरु, दुपारी ३:५८

इफ लावला. दोन्ही मशीनवर चालतंय.